एकाच खोलीतले दोन ऋतू

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे उन्हाळ्याविषयी आहेत. ती एकत्र वाचताना असे जाणवले की, घरोघरी एकच वाद चालू आहे. एकाला उकडते, दुसऱ्याला उकडत नाही, आणि दोघांपैकी एकजण नखरे करतो आहे असे इतरांना वाटते. वय आणि स्त्री-पुरुष भेद यांमुळे भोवतालच्या हवेला, उष्णतेला, वासाला शरीर कसा वेगवेगळा प्रतिसाद देते, हे सांगण्याची संधी या पत्रांमुळे मिळाली, म्हणून त्यांतली सहा पत्रे एकत्र घेतली आहेत. वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान ७१ वर्षांचे आहेत. मे महिन्यातल्या दुपारी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आणि कूलर बंद करून ते वर्तमानपत्र वाचत बसतात. ‘मला उकडत नाही, तहानही लागत नाही, आपण वऱ्हाडातली माणसे, आपल्याला ऊन नवे नाही,’ असे म्हणतात. मी ६५ वर्षांची आहे आणि माझा जीव अगदी कासावीस होतो. मुले म्हणतात, बाबा काटक आहेत, आई, तूच फार तक्रार करतेस. त्यांचे शरीर खरोखरच उन्हाला सरावले आहे का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : तुमच्या यजमानांना उकडत नाही हे त्यांचे म्हणणे खरेच असणार, आणि मला काळजी वाटते ती नेमकी त्यामुळेच. उकडणे, तहान लागणे, घशाला कोरड पडणे या संवेदनांमधून शरीर आपल्याला सावध करत असते. उतारवयात उन्हाचा त्रास कमी होत नाही, उलट वाढतो. पण सावध करणारी यंत्रणा मात्र मंदावते. खोलीतल्या तापमानात एखाद्या अंशाचा फरक पडला तरी तरुणाला तो कळतो. अनेक वृद्धांना मात्र फरक बराच मोठा होईपर्यंत जाणवतच नाही.

तहानेचेही असेच होते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्याशा प्रयोगात २० ते ३१ वयाचे ७ तरुण आणि ६७ ते ७५ वयाचे ७ निरोगी पुरुष यांना २४ तास पाणी दिले गेले नाही. त्यानंतर तपासणी केली तेव्हा वृद्धांच्या रक्तातले पाणी तरुणांपेक्षा जास्त घटलेले आढळले. तरीही तहान किती लागली आहे आणि तोंड किती कोरडे पडले आहे असे विचारल्यावर वृद्धांनी तरुणांपेक्षा कमी त्रास सांगितला, आणि पुढे हवे तेवढे पाणी समोर ठेवल्यावरही ते कमीच प्याले. ते सगळे धडधाकट होते, कोणताही आजार नसलेले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. म्हणजे ज्याला पाण्याची गरज अधिक होती, त्यालाच ती कमी जाणवत होती.

आता घामाविषयी. शरीरावरचा एक लिटर घाम वाळतो तेव्हा तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कडक उन्हाळ्यात माणूस जगतो तो प्रामुख्याने या एका सोयीवर. वाढत्या वयात घामाच्या ग्रंथींची संख्या फारशी घटत नाही, परंतु प्रत्येक ग्रंथीतून सुटणारा घाम कमी होतो आणि तो सुटायलाही उशीर लागतो. त्वचेकडे जास्त रक्त पाठवून उष्णता बाहेर टाकायची, तर त्यासाठी हृदयाला अधिक काम करावे लागते, आणि ७१ व्या वर्षी हृदयाकडे तेवढी शिल्लक शक्ती असतेच असे नाही. उष्णतेच्या लाटेत वृद्धांचे जे मृत्यू होतात, त्यांतले पुष्कळसे उष्माघाताने होत नाहीत, ते या वाढलेल्या भारामुळे हृदय थकल्याने होतात, आणि म्हणूनच ते उन्हामुळे झाले असे घरच्यांच्या लक्षातही येत नाही. २००३ सालच्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू जास्त झाले. त्यांत बहुसंख्य माणसे ७५ वर्षांवरची होती आणि कित्येकजण स्वतःच्या घरातच दगावले.

‘आम्हाला ऊन नवे नाही’ या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शरीर उन्हाला सरावते हे खरे आहे; रोज उन्हात काम करणाऱ्याला साधारण एकदोन आठवड्यांत लवकर आणि भरपूर घाम येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, नाडीची गती कमी राहते. मात्र हा सराव दर वर्षी नव्याने करावा लागतो आणि उन्हाबाहेर राहिल्यावर काही आठवड्यांत तो जातो. जन्मभर वऱ्हाडात राहिल्याची पुण्याई बैठकीत बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या कामी येत नाही. शिवाय सरावलेल्या माणसाला घाम जास्त येतो. ज्याला घामही येत नाही आणि तहानही लागत नाही, त्याला सरावलेला म्हणता येणार नाही.

यजमानांशी वाद घालून उपयोग होणार नाही, कारण त्यांची संवेदना त्यांच्या बाजूने साक्ष देते. त्याऐवजी खोलीत एक साधा तापमापक टांगावा आणि कूलर लावायचा की नाही हे कोणाला उकडते यावर न ठरवता त्या आकड्यावर ठरवावे. पाणी, ताक, पन्हे हे तहानेवर न सोडता घड्याळावर सोपवावे. चहाच्या, जेवणाच्या आणि औषधांच्या वेळेला जोडून दिले की घेतले जाते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर मात्र उन्हाळ्यापुरते प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. लघवी पिवळी झाली की पाणी कमी पडले अशी जी खूण आपण नेहमी सांगतो, ती वृद्धांच्या बाबतीत भरवशाची नाही, कारण वयानुसार मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्तीच कमी होते. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, मानसिक विकारांवरची आणि मूत्राशयावरची काही औषधे यांमुळे उष्णता सोसण्याची ताकद आणखी घटते. म्हणून मार्चअखेर एकदा सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. स्वतःहून गोळी बंद करू नये. बोलणे असंबद्ध होऊ लागले, तोल जाऊ लागला किंवा नेहमीपेक्षा फार गुंगी दिसली, तर ‘दुपारची झोप असेल’ असे समजू नये. अंग ओले करावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आणि मुलांना सांगावे की, आई तक्रार करते, कारण तिच्या शरीराची सूचना देणारी यंत्रणा शाबूत आहे.

प्रश्न : तापमान फार वाढल्यावर पंखा लावू नये, असे अलीकडे वाचले. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश ही नेहमीचीच गोष्ट आहे. मग आम्ही पंखा बंद करून बसायचे का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : पंखा हवा थंड करत नाही, ती अंगावर फिरवतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे हवा त्याहून गरम झाली की पंखा तीच गरम हवा अंगावर लोटत राहतो. तरीही घाम वाळण्याचा वेग वाढत असल्यामुळे काही मर्यादेपर्यंत फायदाच होतो. ही मर्यादा सर्वांसाठी सारखी नाही, आणि म्हणूनच हे पत्र येथे घेतले आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार निरोगी तरुणासाठी ती सुमारे ३९ अंश, वृद्धांसाठी ३८ अंश आणि घाम कमी करणारी काही औषधे घेणाऱ्या वृद्धांसाठी ३७ अंश इतकी येते. घाम जितका कमी, तितका पंखा लवकर निरुपयोगी होतो, असा त्याचा अर्थ आहे.

घाम कमी पडत असेल तर तो बाहेरून पुरवता येतो. हातपाय, मान, पाठ ओल्या फडक्याने वरचेवर पुसून पंख्याखाली बसले की कोरड्या हवेत ४५ अंशांतही अंग थंड होते, कारण वाळायला पाणी मिळते. कूलरमागचे तत्त्वही हेच आहे. फक्त त्यासाठी हवा खेळती हवी. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला की खोली दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. चंद्रपूरच्या कोरड्या हवेत कूलर जे काम करतो, ते कोकणातल्या दमट हवेत करू शकत नाही, हे मुंबईच्या नातेवाइकांनीही ध्यानात घ्यावे.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून पुण्यात एका कंपनीत काम करते. आमच्या मजल्यावर वातानुकूलन २१ अंशांवर असते. मी आणि माझ्या मैत्रिणी शाल पांघरून बसतो, बोटे गारठतात. तापमान वाढवायला सांगितले की पुरुष सहकारी हसतात. स्त्रियांना थंडी जास्त वाजते याला शास्त्रीय आधार आहे की हा आमचा नाजूकपणा आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधार आहे, आणि बराच भक्कम आहे. विश्रांतीच्या वेळी शरीरात जी उष्णता तयार होते, तिच्यात स्नायूंचा वाटा मोठा असतो. सरासरीने स्त्रियांचे वजन आणि स्नायू कमी असतात, त्यामुळे खुर्चीत बसून काम करताना त्यांच्या शरीरात उष्णताही कमी निर्माण होते. उलट वजनाच्या तुलनेत त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असल्याने ती बाहेर लवकर जाते. थंडी जाणवली की आतल्या अवयवांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडतो, आणि ही प्रतिक्रिया स्त्रियांमध्ये अधिक तीव्र असते. १९९८ साली अमेरिकेत केलेल्या मोजणीत स्त्रियांच्या शरीराचे आतले तापमान पुरुषांपेक्षा किंचित जास्त होते, पण हात मात्र सरासरी दीड अंश सेल्सिअसने गार होते. त्यात पाळीच्या चक्राची भर पडते. बीज सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंशाने वाढलेले असते, आणि त्या काळात तीच खोली अधिक गार वाटू शकते.

कार्यालये इतकी गार का ठेवली जातात, याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९७० साली पोव्ल ओले फँगर या डॅनिश अभियंत्याने माणसाला सुखद वाटणारे तापमान काढण्याचे एक सूत्र मांडले, आणि जगभरच्या इमारतींचे निकष त्यावर बेतले गेले. त्या सूत्रात माणसाच्या शरीरात किती उष्णता तयार होते हा आकडा घालावा लागतो, आणि तो ज्या कोष्टकांतून घेतला जातो, ती सुमारे ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषावर आधारलेली होती. २०१५ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी हलके बैठे काम करणाऱ्या तरुण स्त्रियांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा या कोष्टकांत स्त्रियांची उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते असे त्यांना आढळले. ज्याच्या मापाने खोली थंड केली, तो माणूस त्या खोलीत बसलेल्या निम्म्या माणसांसारखा नाही.

मात्र येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. हा फरक स्त्री आणि पुरुष या दोन शब्दांनी पूर्ण सांगता येत नाही. सारखेच कपडे घातलेल्या स्त्री-पुरुषांना आवडणारे तापमान पुष्कळदा फार वेगळे नसते. सुखद मर्यादेच्या खाली हवा गेली की तिचा त्रास स्त्रियांना लवकर आणि जास्त होतो. अंगापिंडाने बारीक असलेल्या पुरुषालाही २१ अंशांत थंडी वाजते, आणि निवृत्तीला आलेले जे सहकारी कपाटात स्वेटर ठेवतात, त्यांच्या शरीरातही वयामुळे स्नायू आणि उष्णता कमी झालेली असते. म्हणून हा ‘बायकांचा प्रश्न’ म्हणून न मांडता मजल्यावर बसणाऱ्या सर्वांचा प्रश्न म्हणून मांडावा.

तुमच्या व्यवस्थापकांना कामाची भाषा अधिक पटत असेल, तर त्यांना बर्लिनमधला प्रयोग सांगावा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ५४३ विद्यार्थ्यांना १६ ते ३३ अंशांच्या वेगवेगळ्या तापमानांत गणिते आणि शब्दकोडी सोडवायला दिली होती. खोली जसजशी उबदार, तसतशी मुलींची कामगिरी सुधारली, आणि मुलांची उबदार खोलीत घटली खरी, परंतु ती घट मुलींच्या सुधारणेपेक्षा लहान होती. आपल्याकडेही ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली २४ ते २५ अंशांची शिफारस केली आणि १ जानेवारी २०२० पासून वीजबचतीचे तारे मिळालेल्या खोली-वातानुकूलकांचे मूळ (यंत्र सुरू करताच आपोआप येणारे) तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. इमारतीच्या मध्यवर्ती यंत्रणेला हा नियम लागू नाही. पण तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हा ब्यूरोचाच अंदाज आहे, आणि तो कोणत्याही कंपनीला कळतो. ज्या देशात वर्षातले आठ महिने आपण ३० अंशांच्या वर काढतो, तेथे सुती कपड्यांवर शाल पांघरून काम करावे लागावे, हे मला तरी मुळीच पटत नाही.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ४८. वर्गात शिकवताना अचानक छातीतून वाफा वर येतात, चेहरा लाल होतो, घामाने ब्लाउज भिजते आणि पाच मिनिटांनी थंडी वाजते. रात्री मी पंखा पाचवर करते आणि यजमान चादर ओढून घेतात. सासूबाई म्हणतात, अंगात उष्णता झाली आहे, लोणचे आणि चहा बंद कर. हे काय आहे? किती दिवस चालेल? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पाळी जाण्याच्या सुमाराची ही लक्षणे आहेत. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, आणि या वाफा तिच्या आधीपासून सुरू होऊ शकतात.

मेंदूच्या तळाशी शरीराचे तापमान राखणारे एक केंद्र असते. एरवी आतले तापमान थोडेसे, अंशाच्या काही दशांशांइतके, वरखाली झाले तरी ते केंद्र त्याकडे दुर्लक्ष करते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागले की दुर्लक्ष करण्याची ही पट्टी फार अरुंद होते, काहींच्या बाबतीत जवळजवळ नाहीशीच होते. मग जिना चढणे, गरम चहा, बंद वर्ग, एखाद्या पालकाशी झालेली वादावादी, इतक्या लहान कारणानेही मेंदूला शरीर तापल्यासारखे वाटते आणि तो उष्णता बाहेर टाकण्याचे सारे उपाय एकदम करतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम फुटतो. त्यामुळे शरीर खरोखरच गार पडते आणि मग हुडहुडी भरते. सासूबाईंचे निरीक्षण अगदीच चुकीचे नाही, कारण गरम आणि तिखट पदार्थांनी वाफ येऊ शकते. पण लोणच्याने हा बदल घडवलेला नाही, आणि ते सोडल्याने तो थांबणारही नाही.

अमेरिकेतल्या स्त्रियांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वारंवार येणाऱ्या वाफांचा मध्यक कालावधी (निम्म्या जणींचा याहून कमी, निम्म्या जणींचा जास्त) ७.४ वर्षे इतका निघाला. हा आकडा तुम्हाला घाबरवण्यासाठी देत नाही. ‘चार दिवस सोसा, जाईल आपोआप’ असे सांगून स्त्रियांना परत पाठवण्याची जी पद्धत आहे, ती अन्यायाची आहे, हे कळावे म्हणून देतो. संप्रेरकांचे उपचार आहेत, ज्यांना ते चालत नाहीत त्यांच्यासाठी इतर औषधे आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून आपल्या प्रकृतीला काय योग्य ते ठरवावे. शाळेत सुती, पटकन सैल करता येतील असे कपडे, वर्गात खिडकीजवळची जागा आणि टेबलावर पाण्याची बाटली यांनीही दिलासा मिळतो. घरी दोन वेगळी पांघरुणे आणि तुमच्या बाजूला एक लहान टेबलपंखा ठेवला, तर चादरीचा वाद मिटेल.

या उत्तरात आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी काढलेली’ आढळली. त्यांतल्या अनेकजणी पाळी जाण्याच्या वयाच्या कितीतरी अलीकडे होत्या. शस्त्रक्रियेत बीजांडकोश काढले तर पाळी एका दिवसात जाते आणि वाफा अधिक तीव्र येतात. ते ठेवले तरी त्यांचे काम काही वर्षे आधी थांबू शकते. हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलच्या उन्हात, फडात मोळ्या वाहणाऱ्या अशा स्त्रीला बाहेरचे ऊन आणि आतली वाफ असा दुहेरी ताप होत असतो, आणि कोयत्याचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीचा, खाडा झाला तर दंड भरावा लागतो, म्हणून बसताही येत नाही. तुमच्या त्रासाला निदान खिडकी आणि पंखा आहे. तिच्या त्रासाची नोंद कोणत्याही उष्माघाताच्या आकडेवारीत होत नाही.

प्रश्न : मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. उष्णता कोण जास्त सोसू शकतो, स्त्री की पुरुष? वाचनात परस्परविरोधी विधाने येतात. (एक वाचक, लातूर)

उत्तर : विधाने परस्परविरोधी दिसतात, कारण वय वगळून प्रश्न विचारला जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेमुळे ६१,६७२ मृत्यू झाले असा एक काळजीपूर्वक काढलेला अंदाज आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा ५६ टक्क्यांनी जास्त होते. इथवर वाचले तर उत्तर सोपे वाटते. पण वयोगट वेगळे केल्यावर ६४ वर्षांपर्यंतच्या गटात पुरुषांचे प्रमाण ४१ टक्क्यांनी जास्त निघाले, ६५ ते ७९ या गटातही पुरुषांचेच १४ टक्क्यांनी जास्त, आणि ८० च्या पुढे मात्र स्त्रियांचे २७ टक्क्यांनी जास्त. अतिवृद्धांमध्ये स्त्रियांची संख्याच मोठी असल्याने एकूण बेरीज त्यांच्याकडे झुकली.

शरीरापुरते बोलायचे, तर सारख्या बांध्याच्या आणि सारखाच व्यायाम असलेल्या तरुण स्त्री-पुरुषांत फरक थोडा आहे. फार तीव्र उष्णतेत कष्टाचे काम करताना स्त्रियांना येणारा घाम कमी पडतो, एवढे निश्चित. बाकीचा पुष्कळसा फरक राहणीने पडतो. तरुण आणि मध्यमवयीन पुरुष उन्हात अधिक काम करतात. १९९५ साली शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा एकट्या राहणाऱ्या वृद्धांमध्ये स्त्रियांची संख्या जास्त असूनही पुरुष अधिक मेले. शेजारपाजारी आणि नात्यागोत्यांशी ज्यांचे येणेजाणे तुटले होते, अशांमध्ये पुरुष जास्त होते. आपल्याकडे स्त्रियांच्या बाबतीत एक कारण इतके साधे आहे की, ते अभ्यासकांच्या नजरेतूनही सुटते. शेतावर, बाजारात किंवा बांधकामावर शौचालय नसते, म्हणून बायका सकाळपासून पाणीच कमी पितात. तहान शाबूत असूनही ती मारावी लागते. त्याखेरीज हवामान खात्याचे तापमान सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीत मोजलेले असते. मे महिन्यात पत्र्याच्या स्वयंपाकघरात चुलीसमोर बसून वीस भाकऱ्या थापणाऱ्या बाईभोवतीची हवा त्याहून कितीतरी गरम असते, आणि ती कोणी मोजत नाही. तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत असाल, तर लातूरच्याच दहा स्वयंपाकघरांत तापमापक ठेवून पाहावा, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते.

प्रश्न : मी मस्कतला नोकरी करतो. आई ७९ वर्षांची असून रत्नागिरीला एकटी राहते. मागच्या खेपेस घरात पाऊल टाकताच मला गॅसचा वास आला. शेगडीची कळ अर्धवट फिरलेली होती आणि आई शेजारीच भाजी निवडत होती. तिला वास आलाच नाही. हा विसरभोळेपणा आहे का? (एक वाचक, मस्कत)

उत्तर : कळ अर्धवट राहणे हा कदाचित विसरभोळेपणा असेल, वास न येणे हा नव्हे. नाकाचे वय होते, पण ते डोळ्यांच्या किंवा कानांच्या वयासारखे दिसत नाही, त्यामुळे त्या माणसालाही कळत नाही. १९८४ साली अमेरिकेत ५ ते ९९ वयाच्या सुमारे दोन हजार लोकांची वास ओळखण्याची चाचणी घेण्यात आली. त्यात ६५ ते ८० या वयातल्या निम्म्याहून अधिक लोकांची आणि ८० च्या पुढच्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांची घ्राणशक्ती मोठ्या प्रमाणात कमी झालेली आढळली. सर्वच वयांत स्त्रियांचे नाक पुरुषांपेक्षा सरस ठरले आणि पुरुषांची घसरणही लवकर सुरू झाली. म्हणजे तुमचे वडील असते, तर ही वेळ कदाचित आधीच आली असती.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. ही सारी सुरक्षाव्यवस्था नाकावर अवलंबून आहे, आणि घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे नाकच ती पेलू शकत नाही. नासलेले दूध, करपलेली भाजी, तारेच्या जळण्याचा वास हेही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. वास अचानक गेला असेल, किंवा सोबत हालचाली मंदावल्या असतील, स्मरणात मोठा बदल दिसत असेल, तर मात्र तज्ज्ञाला दाखवावे, कारण मेंदूच्या काही आजारांची सुरुवातही अशीच होते.

प्रत्येक वेळी काम संपल्यावर शेगडीसोबत रेग्युलेटरही बंद करण्याची सवय आईला लावावी, आणि गॅसगळतीसाठीचा १९०६ हा मदतक्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ चिकटवावा. गळती झाल्यास दिव्याचे बटण दाबू नये आणि दारे-खिडक्या उघडून घराबाहेर जाऊन फोन करावा, हे तिला करून दाखवावे. गळती ओळखणारे यंत्रही बसवावे; हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते शेगडीच्या वर न बसवता जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर बसवावे लागते. यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याचा आवाज ऐकावा. यांतली बरीच यंत्रे बारीक, उंच पट्टीत किरकिरतात, आणि वाढत्या वयात कानांना सर्वांत आधी सोडून जातात ते हेच उंच स्वर. दुकानात तुम्हाला कर्कश वाटलेली घंटा आईला शेजारच्या खोलीतूनही ऐकू येईलच असे नाही. म्हणून पुढच्या खेपेस यंत्र बसवाल, तेव्हा ती दार लोटून आपल्या खाटेवर पडलेली असताना, श्रवणयंत्र वापरत असल्यास ते काढून ठेवलेले असताना, ते एकदा वाजवून पाहावे. ऐकू आले नाही, तर खालच्या पट्टीत वाजणारे दुसरे यंत्र आणावे, आणि तोच आवाज शेजाऱ्यांनाही ऐकवून ठेवावा.